काम कुठे गेलं?

२०१७ मध्ये मी अमेरिकेत इंडियानात एच-४ वर (नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळणारा व्हिसा) घरी बसून कंटाळले होते, म्हणून जवळच्या कम्युनिटी कॉलेजात अकाउंटिंगला नाव घातलं. पहिल्या दिवशी गणिताच्या वर्गात गेले तर निम्मा वर्ग पन्नाशीचा. मला वाटलं पालकांची मीटिंग चाललीय. जाड बोटांची, टोप्या घातलेली माणसं, पेन्सिलला टोक करून तयार, आणि फळ्यावर एक्स आला की एकदम गप्प. माझ्या शेजारचा गृहस्थ तीस वर्षं लेथवर होता. इंचाचा हजारावा भाग त्याला बोटानं कळायचा, डेसिमल तर तोंडपाठ, पण "एक्स ची किंमत काढा" म्हटलं की म्हणायचा, ज्यानं तो हरवला त्यालाच विचारा.

हे सगळे टीएएवाले. पूर्ण नाव ट्रेड अ‍ॅडजस्टमेंट असिस्टन्स. म्हणजे परदेशी व्यापारामुळे नोकरी गेली असेल तर सरकार नवीन शिक्षणाचा खर्च करायचं आणि शिकत असताना दर आठवड्याला भत्ता द्यायचं. योजना जुनी, १९६२ ची, केनेडींच्या काळातली. गंमत म्हणजे १९६९ पर्यंत एकाही कामगाराचा अर्ज मंजूर झाला नाही कारण अटीच तशा, मग १९७४ च्या कायद्यानं त्या सैल केल्या.

मी शिकत होते त्या सुमारास इंडियानात हाच विषय होता. २०१६ च्या फेब्रुवारीत एसी बनवणाऱ्या कॅरिअर कंपनीनं इंडियानापोलिसच्या कामगारांना उभं करून सांगितलं की काम मेक्सिकोत माँतेरेला जाणार, तो व्हिडिओ सगळीकडे फिरला, निवडणुकीतही आला. माझ्या शेजाऱ्याची फॅक्टरी छोटी होती, तिचा कोणी व्हिडिओ काढला नाही.

आता यात मला जे खटकलं ते सांगते. नोकरी गेली एवढं पुरायचं नाही, ती का गेली ते सिद्ध करावं लागायचं. तीन कामगारांनी मिळून, किंवा युनियननं, किंवा कंपनीनंच अर्ज करायचा (फी नाही), मग वॉशिंग्टनचं कामगार खातं चौकशी करायचं की काम खरंच बाहेर गेलं का, किंवा इम्पोर्टमुळे ऑर्डरी गेल्या का. हो आलं तर त्या अख्ख्या ग्रुपला मंजुरी, अर्जाच्या आधी वर्षभरात काढलेल्यांनासुद्धा. पण तीच फॅक्टरी रोबो आणून अर्धे लोक काढेल तर यातलं काहीच नाही, नुसता नेहमीचा बेकारी भत्ता. घरी बसलेल्या माणसाचा कर्जाचा हप्ता दोन्हीकडे सारखाच असतो ना!

आणि भत्ता म्हणजे फार नव्हता हं. बेकारी भत्त्याएवढाच, इंडियानात तो तेव्हा जास्तीत जास्त आठवड्याला ३९० डॉलर. सगळं धरून १३० आठवड्यांपर्यंत मिळू शकायचा पण शिक्षण फुल टाइम लागायचं, आणि मंजुरीनंतर किंवा नोकरी गेल्यानंतर, जे नंतर होईल त्यापासून २६ आठवड्यांत नाव घालायला लागायचं. एकाला वाटलं होतं फॅक्टरी परत सुरू होईल, तो थांबला आणि तारीख गेली. त्याची फी सरकारनं भरली पण आठवड्याचा चेक नाही, मग तो रात्री वेअरहाउसमध्ये आणि सकाळी वर्गात डुलक्या.

शिकायचं नसेल तर पन्नाशीपुढच्यांना वेगळी सोय होती. नवी नोकरी कमी पगाराची मिळाली तर फरकाची अर्धी रक्कम सरकार द्यायचं, दोन वर्षांपर्यंत, नवा पगार वर्षाला ५०,००० डॉलरच्या आत लागायचा. ऐकायला छान आहे. आमच्या लेथवाल्यानं वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. आधी तासाला २५, नवीन नोकरी १४ ची. वर्षाचा फरक २२,८८० आणि त्याचा अर्धा ११,४४०, पण दोन वर्षांची मिळून मर्यादा १०,००० डॉलर. म्हणजे साडेदहा महिन्यांतच संपले! मग म्हणाला, बघ, हा एक्स मला काढता आला.

वर्गात एक बाई होती, कारखान्यातली नाही, एका कंपनीच्या बिलिंगची. २००९ पासून ऑफिसातल्या कामालाही ही योजना लागू झाली होती ना, त्यातली. ब्रेकमध्ये तिनं विचारलं, तू कुठची? मी सांगितलं इंडिया. ती म्हणाली, अच्छा, माझं काम तिकडेच गेलंय, जायच्या आधी तीन महिने मीच फोनवर त्यांना शिकवलं, फार हुशार मुलं होती. तिच्या आवाजात राग नव्हता, तेच मला जड गेलं. माझा नवरा आयटीत आहे हे मी तिला सांगायचं टाळलं आणि पुढच्या आठवड्यात तिनंच मला एक्सेल शिकवलं.

यांना शिकवून फायदा होतो का, असं मला घरचे विचारतात. एकच उत्तर नाही. बिलिंगवाली हॉस्पिटलच्या कोडिंगला (आजार-उपचारांना बिलासाठी कोड देण्याचं काम) लागली, पगार जवळपास तेवढाच. लेथवाला एसी दुरुस्ती शिकला. त्याला मी विचारलं होतं की त्यात का, तर म्हणाला घरातला एसी मेक्सिकोत नेऊन दुरुस्त करता येत नाही. दोघंतिघं मध्येच सोडून गेले, त्यांचं काय झालं माहीत नाही.

परवा लेथवाला भेटला. त्याच्या भाच्याचा कारखाना बंद होतोय, हाही बाहेर चाललाय, आणि मामांनी भाच्याला ठासून सांगितलंय की तीन जणांच्या सह्या घे आणि लगेच अर्ज टाक, उशीर करू नको. मग मला त्याला सांगावं लागलं की १ जुलै २०२२ पासून नवीन मंजुरी देणंच बंद आहे, काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, मुदत वाढवली नाही, आधी मंजूर झालेल्यांचंच चालू राहिलं. तो जरा वेळ टोपी हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, त्यानं सह्या घेतल्यात पण.