99 रुपयांचं डोमेन, दुसऱ्या वर्षाचं बिल बघून घ्या

मामांचं सोलापूरच्या पूर्व भागात चादर-टॉवेलचं दुकान आहे, त्यांच्यासाठी मागच्या वर्षी डॉट कॉम डोमेन, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्याचं नाव घेतलं, ऑफरमध्ये 99 रुपये, आणि खरं सांगायचं तर मला ते खूपच भारी वाटलं होतं कारण तेवढ्यात नव्या पेठेत दोघांचा नाष्टा होतो. परवा रिन्यूअलचा मेल आला, बाराशेच्या वर, त्यावर 18 टक्के जीएसटी वेगळा. मामा म्हणाले, अरे मग पुढच्या वर्षी दुसरं नाव घेऊ की! आता त्यांना कसं सांगू, ते नाव पिशव्यांवर छापलंय, बिलबुकावर आहे, पुण्या-मुंबईचे व्यापारी त्याच नावानं ऑर्डर टाकतात.

म्हणून ऑफर घेऊच नका असं मी म्हणत नाही, नुसतं शिकायला किंवा वर्षभराच्या कामाला स्वस्तातलं बेस्ट आहे. पण धंद्याचं नाव असेल तर आधी रिन्यूअलचा रेट बघा, तो पानाच्या तळाशी बारीक अक्षरात असतो. कार्टमध्ये ईमेल, सिक्युरिटी असलं काय काय आपोआप टिक झालेलं असतं, ते काढा. दुसऱ्या कंपनीकडे न्यायचं म्हटलं तर नवीन डॉट कॉम पहिले 60 दिवस सहसा हलत नाही, नंतर हलवलं की ट्रान्सफरच्या पैशात एक वर्ष वाढून मिळतं, मी आता तेच करतोय. मुदत संपून डिलीट झालं तर 30 दिवस सोडवून घेता येतं, पण तो दंड लई जास्त असतो.

आणि डोमेन मामांच्याच ईमेलवर, मामांच्याच नावावर ठेवलंय.