१३ अंशांखालची केळी

गेल्या जानेवारीत आमच्या बागेतली केळी कापली तेव्हा माल हिरवागार होता, फण्या भरलेल्या होत्या, सालीवर कुठे डागही नव्हता. गाडी उत्तरेकडे रवाना झाली आणि आठवडाभराने व्यापाऱ्याचा फोन आला की माल पिकला, पण पिवळा झाला नाही. साल राखाडी, मळकट राहिली आहे. बोर्डाच्या, म्हणजे बाजारात रोज जाहीर होणाऱ्या, भावातून मोठी रक्कम कापली गेली. आबांनी चाळीस वर्षे यावल तालुक्यात केळी केली आहे. त्या संध्याकाळी ते एवढेच म्हणाले, "आपन तं काई कमी केलं नवतं." त्यांचे म्हणणे खरे होते. मग हे झाले कसे, याचा शोध घेताना केळीच्या साठवणुकीवरचे जे संशोधन मी वाचले, ते माझ्या भागातल्या बागायतदारांपर्यंत पोचावे म्हणून हे लिहीत आहे.

केळी हे उष्ण प्रदेशातले पीक आहे. तापमान साधारण १६ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की नवे पान येण्याचा वेग जवळजवळ थांबतो, आणि फळाचे तापमान १३ अंशांखाली काही काळ राहिले की सालीच्या आतल्या पेशींना इजा होऊ लागते. पेशींच्या पडद्यांतील स्निग्ध घटक थंडीने घट्ट होतात, पडद्यांची बांधणी बिघडते, आणि एरवी पेशीत वेगवेगळ्या कप्प्यांत राहणारे पदार्थ एकमेकांत मिसळून तपकिरी रंग तयार होतो. चीक वाहून नेणाऱ्या नलिकांभोवती हा रंग आधी दिसतो. इजा किती होईल हे तापमान किती उतरले आणि ते किती तास तसे राहिले, या दोन्हींवर ठरते. एक रात्र फार खाली गेलेला पारा आणि अनेक दिवस थोडाच खाली राहिलेला पारा यांचा परिणाम सारखाच होऊ शकतो.

यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही की हिरव्या फळावर वरून काहीच दिसत नाही. हिरवा रंग तपकिरी रेषा झाकून ठेवतो आणि पिकताना तो गेला की त्या उघड्या पडतात. म्हणजे इजा होते एका ठिकाणी आणि दिसते भलतीकडेच, दहा-बारा दिवसांनी. त्यामुळे शेतकरी वाहतुकीला दोष देतो, व्यापारी शेतकऱ्याला, आणि रायपनिंग चेंबरवाला, म्हणजे केळी पिकवण्याच्या खोलीचा मालक, दोघांना. कापणीच्या दिवशी तपासण्याचा साधा उपाय मात्र आहे. एका केळ्याची साल धारदार चाकूने वरवर, उभी आणि पातळ तासावी. आत तपकिरी रेषा दिसल्या आणि कापलेल्या जागी नेहमीचा दाट चीक न येता थोडा, पाण्यासारखा चीक आला, तर फळाला थंडी लागली आहे असे समजावे.

खान्देशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तसाच डिसेंबर-जानेवारीत रात्री १० अंशांखालीही उतरतो. मृगबागेची, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या बागेची, निसवण (झाडातून घड बाहेर पडणे) नेमकी या दिवसांत येते. वाढ मंदावल्यामुळे घड पोग्यातून, म्हणजे झाडाच्या शेंड्याच्या गुंडाळलेल्या पानांतून, मोकळा बाहेर पडत नाही, काही झाडांत तो अडकतो आणि फण्या वेड्यावाकड्या होतात. ज्यांचे घड या काळात आधीच झाडावर आहेत, ते भरायला तीन महिन्यांऐवजी चार महिने लागतात आणि सालीला इजा होते ती वेगळीच. फळपीक विमा योजनेत केळीसाठी कमी तापमानाची अट सलग तीन दिवस ८ अंश किंवा त्याहून कमी अशी राहिली आहे. त्या आकड्यापर्यंत न पोचलेल्या थंडीतही मालाची प्रत घसरते, आणि ते नुकसान कोणत्याही नोंदीत येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

बचावाच्या उपायांपैकी रात्री पाणी देण्यावर माझा सर्वाधिक भरवसा आहे. विहिरीचे पाणी थंडीत हवेपेक्षा बरेच ऊबदार असते, आणि ओली जमीन दिवसाची उष्णता अधिक साठवून रात्री हळूहळू सोडते. शेतीपंपाच्या विजेची पाळी रात्रीची असेल तर ठिबक पहाटेच्या आधी चालवावे. बागेच्या कडेला शेवरीचे किंवा गजराज गवताचे कुंपण असावे. घडांवर २ ते ६ टक्के छिद्रे असलेल्या पांढऱ्या पॉलिथिनच्या पिशव्या घालाव्यात, त्याने थंडी आणि किडी दोन्हींपासून आधार मिळतो. कडेने ओला पाचोळा पेटवून धूर करण्याची रीत आमच्याकडे जुनी आहे. वारा पूर्ण पडलेला असेल तरच तिचा थोडाफार उपयोग होतो असा माझा अनुभव आहे.

बागेत सांभाळलेला माल वाटेत बिघडू शकतो, हेही लक्षात घ्यावे लागते. सावदा-रावेरचा माल जानेवारीत दिल्ली-पंजाबकडे जातो तेव्हा तिकडच्या रात्री आपल्याहून थंड असतात. उघड्या ट्रकमध्ये केळीची पाने आणि ताडपत्री यांचे आवरण जाड नसेल, तर कडेच्या थरांना रात्रभर वारा लागतो. शीतगृहात हिरवी केळी १३ ते १४ अंशांवर आणि भरपूर आर्द्रतेत ठेवली तर तीन-चार आठवडे टिकतात. जास्त टिकावीत म्हणून तापमान आणखी खाली नेले की उलटाच परिणाम होतो. पिकवताना १६ ते १८ अंशांवर १०० पीपीएमपर्यंत (हवेच्या दहा लाख भागांत शंभर भाग) इथिलीन हा फळ पिकवणारा वायू दिला की स्टार्चचे साखरेत रूपांतर आणि सालीचा रंग दोन्ही बरोबरीने पुढे जातात. कॅल्शियम कार्बाइडने पिकवण्यास कायद्याने बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. घरी पिकलेले केळे फ्रीजमध्ये ठेवल्यावर साल काळी पडते पण गर चांगला राहतो, तीही याच इजेची खूण आहे. फरक एवढाच की त्या फळाचे पिकणे आधीच पूर्ण झालेले असते.

यंदा मी घडाच्या उंचीवर दोन किमान-कमाल तापमापक टांगले, एक विहिरीजवळच्या उंचवट्यावर आणि दुसरा नाल्याकडच्या सखल भागात. थंड हवा जड असल्याने ती सखल जागी साचते, हे पुस्तकात वाचले होते. तरी एकाच बागेत दोन अंशांचा फरक रोज सकाळी वहीत लिहिताना मन अस्वस्थ होत होते. आबांनी वही चाळली आणि नाल्याकडच्या चार ओळी पुढच्या वर्षी अशा बेताने लावायच्या ठरवल्या की त्यांचा घड थंडीत झाडावर नसेल. कापणीच्या आधीच्या पंधरा रात्रींचे किमान तापमान लिहिलेला कागद मी या वेळी गाडीसोबत व्यापाऱ्याकडे पाठवला आहे, आणि गाडीत कडेच्या थरात एक तापमापक ठेवण्याची विनंती त्याने मान्य केली आहे.