आडनाव वडिलांचे, गाणी स्वतःची

25 फेब्रुवारी 1998 च्या रात्री न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये ग्रॅमी समारंभ झाला. वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा पुरस्कार अमेरिकन गायक-गीतकार बॉब डिलनच्या 'टाइम आउट ऑफ माइंड'ला मिळाला आणि सर्वोत्कृष्ट रॉक गीताचा पुरस्कार मिळाला तो त्याचा मुलगा जेकब डिलन याने लिहिलेल्या 'वन हेडलाइट'ला. त्याच गाण्याने समूहगटातील रॉक सादरीकरणाचाही पुरस्कार पटकावला. तो मात्र जेकबच्या एकट्याच्या नावावर नसून 'द वॉलफ्लॉवर्स' या त्याच्या बँडच्या नावावर होता. नामवंत संगीतकारांच्या मुलांचे संगीत मी आवडीने आणि बऱ्याच आस्थेने ऐकत आलो आहे, आणि या मुलांपैकी इतकी जण एकल गायक होण्याऐवजी बँडची वाट का धरतात, याचा विचार करताना मला नेहमी हीच रात्र आठवते.

जेकबचा जन्म 1969 चा. त्याचा बँड 1989 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये उभा राहिला आणि पहिला अल्बम 1992 मध्ये आला. तो जवळजवळ कोणी विकत घेतला नाही, कंपनीशी असलेला करार संपला, काही साथीदार सोडून गेले आणि नव्या करारासाठी बँडला पुन्हा लहान क्लबांतून वाजवत हिंडावे लागले. आडनावामुळे दारे आपोआप उघडतात असे म्हणणाऱ्यांनी या काळाकडे जरूर पाहावे, कारण 1992 मध्येही त्याचे आडनाव डिलनच होते. अर्थात ओळखीपाळखीचा काहीच उपयोग झाला नाही असेही म्हणता येणार नाही. 1996 च्या 'ब्रिंगिंग डाऊन द हॉर्स' या दुसऱ्या अल्बमचा निर्माता टी बोन बर्नेट हा 1975 च्या दौऱ्यात बॉब डिलनच्या मागे गिटार वाजवत असे. पण अमेरिकेत त्या अल्बमच्या चाळीस लाखांहून अधिक प्रती गेल्या, त्या निर्मात्याच्या जुन्या ओळखीमुळे गेल्या नाहीत.

'वन हेडलाइट' आजही हेडफोन लावून ऐकावे. सुरुवातीला ड्रम्सचा कोरडा, घाई नसलेला ठेका येतो, त्यावर गिटारची एक छोटी ओळ पुन्हा पुन्हा फिरत राहते आणि मागे बँडमधल्याच रामी जाफीचा हॅमंड ऑर्गन खोलीभर पसरत जातो. जेकबचा आवाज छातीतून येणारा, खरखरीत आणि दबलेला आहे, आणि ध्रुवपदापर्यंत तो जराही चढत नाही. वडिलांच्या नाकातल्या, शब्द चावून फेकणाऱ्या गायकीशी त्याचे फारसे नाते नाही. चार-पाच जणांनी एकमेकांकडे कान ठेवून वाजवल्याशिवाय जमणार नाही असा त्या गाण्याचा घाट आहे, आणि म्हणूनच ते 'डिलनच्या मुलाचे गाणे' न वाटता एका बँडचे गाणे वाटते.

या मुलांची अडचण केवळ तुलनेची असती, तर ती इतकी बिकट झाली नसती. आपल्या शास्त्रीय संगीतात वडिलांची बंदिश मुलाने गायली तर त्याला वारसा म्हणतात आणि त्याचा मान ठेवतात. रॉकमध्ये मुलगा वडिलांचे गाणे गाऊ लागला की लोक भारावून टाळ्या वाजवतात, पण कलावंत म्हणून त्याला गंभीरपणे घेत नाहीत, कारण तिथे आपले गाणे आपणच लिहावे हा दंडक आहे. हा दंडक काही अनादि काळापासूनचा नाही. साठच्या दशकाच्या आरंभापर्यंत व्यावसायिक गीतकार-संगीतकारांनी रचून दिलेली गाणी गाण्यात अमेरिकन गायकांना कसलाही कमीपणा वाटत नसे. चक बेरी किंवा बडी हॉलीसारखे आपली गाणी आपण लिहिणारे कलावंत होते, पण ती अट नव्हती. ती अट झाली मुख्यतः बॉब डिलन आणि बीटल्स यांच्यामुळे. ज्या मापाने जेकबला, 'बीटल्स'मधल्या जॉन लेननच्या ज्युलियन आणि शॉन या मुलांना आणि जॉर्ज हॅरिसनच्या धनीला मोजले गेले, ते माप त्यांच्या वडिलांनीच घालून दिलेले होते, आणि मला ही या मुलांच्या वाट्याला आलेली सर्वांत कठीण गोष्ट वाटते.

ज्युलियन लेननला तिचा फटका सर्वांत आधी बसला. जॉन लेननची हत्या डिसेंबर 1980 मध्ये झाली आणि ज्युलियनचा पहिला अल्बम 1984 मध्ये आला. त्याचा आवाज वडिलांच्या आवाजाशी इतका जुळणारा होता की लोकांनी त्यात हरवलेला जॉन शोधला. गाणी गाजली, पण त्याच्या नावापुढे कोणत्याही बँडचे नाव नव्हते, त्यामुळे अपेक्षांचा सगळा भार त्याच्या एकट्यावर पडला. वडील गेले तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा असलेला त्याचा सावत्र भाऊ शॉन याने वेगळा रस्ता धरला. तोही स्वतःच्या नावाने गायला, पण 'चिबो मातो' या बँडबरोबर त्याने बेस वाजवला आणि पुढे 'प्रायमस' या बँडचा बेसवादक लेस क्लेपूल याच्याबरोबर जोडी जमवून 2016 मध्ये अल्बम काढला. त्या संगीतात क्लेपूलचा बेस इतका पुढे आणि इतका विक्षिप्त असतो की ऐकणाऱ्याला लेनन शोधायला सवडच मिळत नाही. मला शॉनचे हेच काम सर्वांत मोकळे वाटते. अलीकडचे उदाहरण हवे असेल, तर 'यूटू' या आयरिश बँडचा गायक बोनो याचा मुलगा इलायजा ह्यूसन आहे. त्याचा 'इनहेलर' हा बँड डब्लिनमधल्या शाळकरी मित्रांचा आहे, अगदी 'यूटू'सारखाच.

धनी हॅरिसनची गोष्ट मात्र मला विशेष जवळची आहे, आणि त्याला केवळ त्याच्या नावात आपल्या सप्तकातले धैवत आणि निषाद आहेत एवढेच कारण नाही. जॉर्ज हॅरिसन 29 नोव्हेंबर 2001 रोजी गेला तेव्हा त्याचा शेवटचा अल्बम अपुरा होता. तेवीस वर्षांच्या धनीने संगीतनिर्माता जेफ लिनबरोबर बसून तो पुरा केला आणि 2002 मध्ये 'ब्रेनवॉश्ड' प्रसिद्ध झाला. वडिलांचा आवाज ध्वनिमुद्रित झालेला, पण भोवतीचे संगीत कुठे अर्धे तर कुठे नुसते सुचवलेले, अशा अवस्थेत त्यांच्या गाण्यात किती भर घालायची आणि कुठे हात आखडायचा, हे ठरवणे मुलासाठी किती नाजूक काम असेल! पहिल्या स्मृतिदिनी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये झालेल्या मैफलीत धनी एरिक क्लॅप्टन, पॉल मॅकार्टनी आणि रिंगो स्टार यांच्यामध्ये गिटार घेऊन उभा होता, आणि त्याच मंचावर अनुष्का शंकरने आपल्या वडिलांची, म्हणजे पंडित रविशंकरांची, त्या प्रसंगासाठी रचलेली रचना संचालित केली. पुत्रधर्म असा पार पाडल्यानंतरच धनीने 'द न्यू नंबर टू' हा आपला बँड पुढे आणला. 2008 च्या त्याच्या पहिल्या अल्बममध्ये इलेक्ट्रॉनिक ध्वनी आणि गिटार यांची जी सरमिसळ आहे, तिच्यात वडिलांच्या संगीताची आठवण क्वचितच येते.

ड्रमवादकांचे थोडे निराळे असते. त्यांना गाणी लिहावी लागत नाहीत, पण बसायला आसन लागते, आणि ते आसन बहुधा कोणाच्या तरी जाण्याने रिकामे झालेले असते. 'बीटल्स'चा ड्रमवादक रिंगो याचा मुलगा झॅक स्टार्की 1996 मध्ये 'द हू' या बँडमध्ये गेला, जिथले आसन एकेकाळी कीथ मूनचे होते. लहानपणी त्याला ड्रम्सचा संच भेट देणारा मूनच होता. वडिलांच्या मोजक्या, संयत वादनाऐवजी मूनची आडदांड शैली त्याने आत्मसात केली आणि जवळजवळ तीन दशके ती पेलली. याउलट जेसन बोनम वडिलांच्याच आसनावर बसला. 'लेड झेपेलिन' या बँडचा ड्रमवादक जॉन बोनम 1980 मध्ये गेला तेव्हा जेसन चौदा वर्षांचा होता आणि जॉनखेरीज पुढे जायचे नाही असे ठरवून 'लेड झेपेलिन'ने काम थांबवले. 10 डिसेंबर 2007 रोजी लंडनच्या ओटू अरेनामध्ये तो बँड पूर्ण मैफलीसाठी पुन्हा एकत्र आला, तेव्हा मागे जेसन होता. त्या मैफलीचे चित्रण पाहताना बँडचा गिटारवादक जिमी पेज वारंवार वळून ड्रम्सकडे पाहतो, तिकडे माझे लक्ष खिळून राहते.

व्होल्फगँग व्हॅन हेलनने तर वडिलांचा बँड आणि स्वतःचा बँड, ही दोन्ही टोके अनुभवली. 2007 च्या दौऱ्यात सोळाव्या वर्षी तो गिटारवादक वडील एडी आणि काका ॲलेक्स यांच्याबरोबर त्यांच्या 'व्हॅन हेलन' या बँडमध्ये बेस वाजवू लागला, आणि जुन्या बेसवादकाची जागा घेतली म्हणून चाहत्यांचा रोष त्याने त्या कोवळ्या वयात सोसला. एडी ऑक्टोबर 2020 मध्ये गेला आणि पुढच्याच महिन्यात व्होल्फगँगचे 'डिस्टन्स' हे गाणे आले. त्याच्या दृश्यफितीत घरगुती चित्रीकरणातले बापलेक दिसतात आणि शेवटी एडीने मुलासाठी फोनवर ठेवलेला निरोप ऐकू येतो. 2021 च्या पहिल्या अल्बममधले प्रत्येक वाद्य त्याने स्वतः वाजवले आणि सगळे गायनही स्वतःच केले. तरीही त्याने त्याला बँडचे नाव दिले, 'मॅमथ', जे एडी आणि ॲलेक्सच्या तरुणपणीच्या बँडचे नाव होते.

त्याच वर्षी ग्रॅमी समारंभात एडीच्या स्मरणार्थ 'इरप्शन' हे त्याचे गाजलेले एकल गिटारवादन वाजवण्याची विनंती त्याला झाली आणि त्याने ती नाकारली. वडिलांची बरोबरी वडिलांखेरीज कोणी करू शकणार नाही, अशी त्याची भूमिका होती. 'मॅमथ'च्या कार्यक्रमांतही तो 'व्हॅन हेलन'ची गाणी वाजवत नाही. पुढे 'फू फायटर्स' या बँडचा ड्रमवादक टेलर हॉकिन्स याच्या स्मृत्यर्थ 3 सप्टेंबर 2022 रोजी वेम्बली स्टेडियममध्ये कार्यक्रम झाला, तेव्हा मात्र तो वडिलांची दोन गाणी वाजवायला उभा राहिला आणि ती त्याने अशी काही वाजवली की त्याला ती येतात का, हा प्रश्नच कोणाच्या मनात उरू नये. त्याच संध्याकाळी टेलरचा सोळा वर्षांचा मुलगा शेन 'फू फायटर्स'बरोबर एका गाण्यासाठी वडिलांच्या जागी बसला आणि सर्व ताकदीनिशी ड्रम्स वाजवून गेला. व्होल्फगँग त्यानंतर आपल्या दौऱ्यावर परतला आणि पुढच्या वर्षी 'मॅमथ'चा दुसरा अल्बम आला. तोही त्याने एकट्यानेच वाजवला आहे, आणि माझ्या मते तो पहिल्याहून सरस आहे.