आमची वाटचाल : लूमच्या बुशपासून बाणाच्या इन्सर्टपर्यंत

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत वडिलांनी वर्कशॉप टाकलं ते यंत्रमागाच्या सुट्या भागांसाठी. बुश, पिना, स्पिंडल असली कामं. आजूबाजूला चादर-टॉवेलचे कारखाने. माग अडला की कामगार तुटका भाग हातात घेऊनच यायचा, "मालक, रात्रपाळीच्या आधी पाहिजे." पुढे बिनधोट्याचे रॅपियर माग आले, त्यांचे भाग तयार मिळू लागले आणि आमच्या लेथला दुपारनंतर काम उरेना.

बाणांचं काम आणलं एका क्रीडाशिक्षकांनी. सर पारंपरिक धनुष्य चालवतात. त्याला नेम धरायची साइट नाही, तोल राखणारा स्टॅबिलायझर नाही, कंपाउंड धनुष्यासारखी चाकंही नाहीत. लाकडी बाण एका वजनाचे, एका ताठपणाचे मिळवणं कटकटीचं, शिवाय दमट हवेत ते वाकतात. म्हणून सरांनी कार्बनचे घेतले. ते सरळ, टिकाऊ, पण फार हलके. हलका बाण धनुष्यातली सगळी ताकद घेऊन जात नाही. उरलेली ताकद धनुष्यातच राहते. दोरी खणकते, मुठीला हादरा बसतो आणि फारच हलका बाण असेल तर रिकामी दोरी सोडल्यासारखा मार पात्यांवर बसतो. सरांना बाण जड करून हवे होते.

वजन सांगितलं ते ग्रेनमध्ये. मी गप्प झालो, पण लेथवरचे आमचे अण्णा हसले. त्यांची उमेदीची वर्षं मिलच्या सूत तपासणीत गेलेली. एका पाउंडात 7000 ग्रेन. 120 यार्ड सुताची लड काढायची, ती ग्रेनमध्ये तोलायची आणि 1000 ला त्या आकड्याने भागायचं, की काउंट, म्हणजे सुताच्या बारीकपणाचा आकडा, आला. लड 50 ग्रेन भरली तर विसाचं सूत. अण्णांना हे तोंडपाठ. सोनाराकडचा असतो तसा डिजिटल काटा आम्ही घेतला आणि आजही मालाची तपासणी अण्णाच करतात.

हिशेब असा. पारंपरिक धनुष्याला ओढीच्या (दोरी ओढायला लागणाऱ्या जोराच्या) दर पाउंडामागे 8 ते 10 ग्रेन वजनाचा बाण मानवतो. सरांचं धनुष्य 40 पाउंडांचं, म्हणजे 400 ग्रेनपर्यंत जायला हरकत नाही. त्यांच्या बाणाची नळी 29 इंचांची, इंचाला 7 ग्रेन, म्हणजे 203. नॉक (मागची, दोरीत अडकणारी खाच) 10, तीन पिसं मिळून 9, ॲल्युमिनियमचा इन्सर्ट (नळीच्या तोंडात बसून टोक धरणारा तुकडा) 15, टोक 100. एकूण 337. कमी पडतात 63. टोक 125 चं घेतलं आणि इन्सर्ट 53 ग्रेनचा पितळी बसवला की बरोबर 400.

पितळ आमच्या हातातलं. ॲल्युमिनियमच्या तिप्पट जड, लेथवर सुरेख कापलं जातं, गंजत नाही. नळीचा आतला व्यास साधारण 6.2 मिमी. इन्सर्ट हाताने दाबून आत जावा, पण डुगडुगू नये, शिवाय गोंदाला जागा हवी. आतला आटा 8-32 चा (8 नंबरचा, इंचाला 32 पेच), कारण पेचाची टोकं त्याच आट्याची येतात. आटा तिरका पडला तर टोक तिरकं बसतं. म्हणून बसवलेला प्रत्येक बाण बेअरिंगवर फिरवून बघतो. टोक डोलताना दिसलं की तो इन्सर्ट भंगारात.

खरी मेख पुढे आहे. पुढच्या टोकाला वजन वाढलं की सुटताना नळी जास्त वाकते, म्हणजे मऊ वागते. नळीच्या ताठपणाचा आकडा म्हणजे स्पाइन. 500 स्पाइनची नळी म्हणजे 28 इंचांच्या आधारावर ठेवून मध्ये 880 ग्रॅम टांगले तर अर्धा इंच झुकणारी. हा आकडा कारखान्यातला, स्थिर अवस्थेतला. पुढे 63 ग्रेन वाढले की तीच नळी त्याहून मऊ असल्यासारखी उडते. तीन बोटांनी, उजव्या हाताने ओढणाऱ्याचा बिनपिसांचा बाण पिसांच्या बाणांच्या उजवीकडे लागू लागला तर नळी मऊ पडली समजायचं, डावीकडे लागला तर ताठ. मऊ पडली तर नळी थोडी आखूड कापायची, नाहीतर ताठ नळी घ्यायची. कापताना मास्क हवाच, कार्बनची भुकटी छातीत जाऊ देऊ नका.

नळी बदलायची नसेल तर दुसरा रस्ता, आतून प्लास्टिकची बारीक नळी घालणं. इंचाला 3 ग्रेन धरले तर 27 इंचांत 81 ग्रेन. वजन सगळीकडे सारखं पसरतं, त्यामुळे बाणाच्या वागण्यात फरक कमी पडतो. काहीजण गवत कापायच्या मशीनची नायलॉन तार घालतात. तीही चालते, पण ती इन्सर्टपासून नॉकपर्यंत पुरली पाहिजे. आखूड राहिली तर आत आपटते आणि मागून नॉक ढकलते. वाळू किंवा मीठ भरून आणणाऱ्यांना मी हात जोडतो.

गोंदाचं काम सोलापूरच्या उन्हानं शिकवलं. गरम करून लावायचा गोंद सोयीचा, टोक बदलता येतं. पण फोमच्या लक्ष्यातून बाण उपटताना घर्षणानं टोक तापतं, त्यात एप्रिल-मेची दुपार. एका गिऱ्हाइकाच्या हातात नुसती नळी आली, इन्सर्ट टोकासकट फोममध्येच. आता उन्हाळ्यात इपॉक्सीच लावून देतो. गरम गोंद हवाच असेल तर आच टोकाला द्या, नळीला नाही. कार्बनमधलं रेझिन जळतं.

2023 साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जागतिक विजेते झाले, तेव्हापासून पोरं विचारत येतात. ते दोघे कंपाउंडवाले, त्यांचं गणित वेगळं. हे आधी सांगावं लागतं. इंटरनेटवर जड बाणांचं जे कौतुक चालतं ते बरंचसं परदेशी शिकाऱ्यांचं. आपल्याकडे 1972 च्या कायद्यानं शिकार बंद आहे, आपल्याला फोमच भेदायचा आहे. त्यामुळे कुणी 600 ग्रेनचा बाण मागितला तर मी आधी धनुष्य किती पाउंडांचं ते विचारतो आणि बहुतेक वेळा 400 वर समजूत घालतो. बाण जास्त जड केला की 30 मीटरवर तो इतका खाली उतरतो की नेम पार वर धरावा लागतो.

ऑर्डर देताना नळीची लांबी, आतला व्यास, स्पाइन आणि तुमच्या ओढीला भरणारे पाउंड कळवा. धनुष्यावर छापलेले पाउंड 28 इंच ओढीचे असतात. तुम्ही 26 च ओढत असाल तर ते कमी भरतात. 4.2 मिमीच्या बारीक नळ्यांचे इन्सर्ट सध्या घेत नाही, आमच्या जुन्या लेथवर तेवढी सफाई येत नाही. ट्रॉब मशीन (आपोआप चालणारा लेथ) बघून ठेवलंय, हप्त्याचं जमलं की तेही सुरू करू.