तिकालच्या जंगलात भेटलेला चिकू

आमच्या गाडीची वेळ होती पहाटे तीनची. ती आली पावणेचारला. मध्य अमेरिकेतल्या ग्वातेमाला देशात, फ्लोरेस बेटावरच्या लॉजबाहेर मी आणि नणंद जांभया देत उभ्या होतो. उशीर का झाला ते ड्रायव्हरनं सांगितलं नाही, आणि आमचं स्पॅनिश 'ग्रासियास'पाशीच संपत असल्यामुळे भांडताही आलं नाही.

तिथून तिकाल, म्हणजे जंगलात दडलेलं माया लोकांचं प्राचीन शहर, साठेक किलोमीटर. सहाच्या आधी आत जायचं तर 150 केत्सालच्या नेहमीच्या तिकिटावर आणखी 100 मोजावे लागले, शिवाय गाइड सक्तीचा. "अंधार बघायचे जादा पैसे?" ही नणंदेची शंका मला अजूनही रास्त वाटते.

आत शिरलो तर पायाखालचंही दिसेना. विजेरीच्या उजेडात मूळ की साप ते बघत चाललो होतो. तेवढ्यात डोक्यावरून अशी डरकाळी आली की नणंदेनं माझा दंडच धरला. "वहिनी, जग्वार!" गाइड हसला. हाउलर माकड. आपल्या हुप्प्यापेक्षा आकारानं लहान, पण आवाज काही किलोमीटरवर पोहोचतो. एकानं सुरुवात केली की रानभर उत्तरं येतात.

चौथ्या क्रमांकाचं मंदिर साधारण 65 मीटर उंच, इ.स. 741च्या सुमाराचं. दगडी उतार जपायचा म्हणून बाजूनं लाकडी जिना केलाय. दवानं तो निसरडा झाला होता. गडावर चढायची सवय असूनही वर पोहोचेपर्यंत माझे गुडघे बोलायला लागले. आणि सूर्योदय? धुकं. नुसतं पांढरं धुकं. तासाभरानं ते जरा विरलं आणि झाडांच्या वर तीन मंदिरांचे माथे तेवढे दिसले. बाकी शहर झाडांच्या पोटात. वाटेत ज्यांना मी टेकड्या समजत होते, त्या मातीखाली गेलेल्या इमारती होत्या म्हणे.

खरी गंमत उतरताना झाली. गाइडनं एका उंच झाडाच्या खोडावरचे तिरपे, नागमोडी वार दाखवले. च्युइंगमसाठी चीक काढणाऱ्या चिक्लेरोंच्या जुन्या खुणा. झाडाचं नाव सांगितलं 'चिकोसापोते'. मी खाली पडलेलं पान उचललं, उलटंपालटं केलं. हा तर आमचा चिकू! माझं माहेर घोलवडचं. डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले होते. चिकू मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा हे शाळेत कधीतरी वाचलं होतं, पण चिकूच्या वाडीत वाढलेल्या माणसाला ते पटत थोडंच?

त्याहून नवल पुढे. माया लोकांनी मंदिरांच्या दारांवर दगड न घालता याच चिकूच्या लाकडाच्या तुळया घातल्या. आपण जिला गणेशपट्टी म्हणतो, तिच्या जागी. बाराशे वर्षांच्या दमट हवेत, वाळवीच्या राज्यात त्यातल्या काही टिकल्या. चौथ्या मंदिराच्या कोरीव तुळया मात्र एकोणिसाव्या शतकातच काढून नेल्या. त्या आता स्वित्झर्लंडमध्ये, बासेलच्या संग्रहालयात आहेत. वाडीत आम्ही चिकूचं लाकूड चुलीत घालत आलो.

मुख्य चौकात पहिलं मंदिर बघितलं. जासाव चान काविल या राजाची कबर त्याच्याखाली सापडली. 695 मध्ये त्यानं कालाकमुलच्या बलाढ्य राज्याला हरवलं होतं. गाइड लढाईत रंगला होता. नणंद मात्र शेपट्या उभारून हिंडणाऱ्या कोआती नावाच्या प्राण्यांमागे गेली होती. शेपटीवर मोरासारखे डोळे असलेली एक रानटर्की तिच्या डब्याकडे टक लावून होती.

फ्लोरेसला परतल्यावर चिकूच्या झाडाचा फोटो वडिलांना पाठवला. खाली चार ओळींत मायांचा सगळा इतिहास लिहिला. पाच मिनिटांत उत्तर आलं : "झाड फारच उंच जाऊ दिलंय. छाटणी कोण करतं तिथे?"