मारुती जिप्सीले चौडे टायर कावून नाही टाकले?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर हे मला पेट्रोल पंपावर विचारतात, बाजाराच्या दिवशी विचारतात, एका मयतीत तर एकानं गाडीभोवती चक्कर मारून हळूच विचारलं की भाऊ जिप्सी झकास ठेवली हो, पण हे बारके टायर काय, चौडे टाका ना.

पोट्ट्यांच्या डोक्यात मोबाईलवरच्या, चौडे टायर टाकलेल्या जुन्या स्पोर्ट्स कार असतात. विलायतेत ते बरोबरही आहे. १९६२ ची एमजीबी घ्या, तिला कंपनीनं दिलेली साधी लोखंडी रिम फक्त ४ इंच रुंद, त्यावर ५.६०-१४ चा टायर (इंचात, आधी रुंदी मग रिमचं माप), म्हणून लोक साडेपाच इंची रिम अन १८५/७० (१८५ मिलिमीटर रुंद, भिंत रुंदीच्या ७० टक्के उंच) टाकतात आणि कोरड्या डांबरावर वळणात गाडी चिटकून जाते. तिथंही मागचा टायर बॉडीला घासतो ही बोंब असतेच. पण आपल्याकडं ना तसं डांबर ना तशी वळणं. घरापासून वावरापर्यंत पांदण रस्ता, त्याचं बोला.

आधी एक हिशोब. जिप्सी हजार किलोच्या आसपास, म्हणजे एका चाकावर अडीचशे. हवा २६ पीएसआय भरली तर दर चौरस सेंटिमीटरला साधारण १.८ किलो. भागाकार करा, जमिनीला टेकणारं रबर १४० चौरस सेंटिमीटरच्या जवळपास येतं, पोस्टकार्डापेक्षा इवलंसं जास्त. आता टायर चौडा टाकला अन हवा तेवढीच ठेवली तर हे पोस्टकार्ड फारसं वाढत नाही, फक्त आडवं होतं. वाढवायचंच असेल तर हवा कमी करा, ते बारक्या टायरनंही होते, अन फुकटात.

पावसाळ्यात काळी माती चाकाला धरली की सोडत नाही. चौड्या टायरच्या खाचा भरल्या की तो गुळगुळीत, वरून मडगार्ड अन टायरच्या मधात माती कोंबून बसते, चाक जाम. बारका टायर चिखल कापत खाली जाते अन पांदणीवर कधीकाळी मुरूम पडला असेल (ग्रामपंचायतीची कृपा) तर त्यावर टेकते. जिथं खाली नुसती भारी जमीन तिथं दोन्ही फसतात, तिथं ट्रॅक्टर आणायला माणूस पाठवायचा. ट्रॅक्टरचीच समोरची चाकं पाहा ना, बऱ्याच ट्रॅक्टरले ६.००-१६ असते, जुन्या जीपचीही तीच साईज होती. हां, नदीच्या वाळूत चौडा टायर बरा, तेवढं मान्य.

आता गाडीचं काय होतं ते. जिप्सी किंगचा टायर २०५/७० आर १५ (म्हणजे १५ इंची रिमचा), उंची ६६८ मिलिमीटर. पोट्टे टाकतात २३५/७५, उंची ७३३. जवळपास दहा टक्के वाढ, म्हणजे मीटर ६० दाखवून राहिलं तेव्हा गाडी ६६ वर असते, मायलेजचा हिशोब गेला, अन १३०० सीसीच्या पेट्रोल इंजिनाला आधीच खालून दम कमी, त्यामुळं चढावर पाचवा गिअर नुसता शोभेला. पुन्हा २३५ ला निदान ६ इंची रिम पाहिजे, कंपनीची साडेपाचच आहे, त्यावर तसाच चढवला तर टायर मधात फुगते आणि मधातच झिजते. मग बाजारातून चाक बाहेर काढणारी रिम आणतात, तीच खरी डोकेदुखी. चाक बाहेर सरकलं की व्हील बेअरिंगवर लोड वाढते, खड्ड्यात स्टेअरिंग हातातून हिसकते, किंगपिनचे (ज्यावर समोरचं चाक वळते तो खिळा) बेअरिंग लवकर जातात, चिखल सगळा काचेवर. कंपनीनं १९९३ मध्ये वाइडट्रॅक काढली तेव्हा चाकं ९० मिलिमीटरनं फाकवली, पण त्यासाठी एक्सलच रुंद दिला, नुसती रिम बाहेर नाही काढली.

मग टाकायचंच असेल तर? २१५/७५ आर १५. मी तेच टाकले आहेत, कोणाच्या लक्षात येत नाही ही गोष्ट वेगळी. उंची ७०३, म्हणजे गाडी खालून १८ मिलिमीटर वर येते, जुन्या रिमवर बसते, अन बोलेरोचीच साईज असल्यामुळं तालुक्याला कधीही मिळते. मात्र स्टेअरिंग दोन्हीकडं पूर्ण वळवून घासते का पाहून घ्या.

अन पाचही एकच घ्या, स्टेपनी धरून. मागं चौडे समोर बारके हे जिप्सीत अजिबात नको, कारण समोरच्या-मागच्या एक्सलला वेगवेगळं फिरू देणारं मधलं डिफरन्शियल नाही, फोर व्हीलमध्ये टाकली की मागची-समोरची चाकं एकाच मापानं फिरायला पाहिजेत, नाही फिरली तर ट्रान्सफर केसची (दोन्ही एक्सलला ताकद वाटणारा गिअरबॉक्स) वाट लागते. रिम लोखंडीच ठेवा. वाकली तर आमचा पंक्चरवाला ठोकून सरळ करून देते, अलॉय तडकली तर तो हात लावत नाही, नागपूरले जा म्हणते.