तुम्ही विचारलंत म्हणून: पावसाळ्यात ट्रेलरवर ताडपत्री का टाकत नाही?

मे संपत आला की हा प्रश्न येतोच. सिन्नरकडच्या नांदूर शिंगोटेच्या रस्त्यानं जाणारं कुणीतरी ओळखीचं माझ्या आतेभावाच्या शेतात उभा असलेला आमचा ट्रेलर, म्हणजे गाडीमागे जोडून प्रवासाला न्यायचं चाकांवरचं घर (कॅरॅव्हॅन), बघतं आणि संध्याकाळपर्यंत फोन येतो, "अहो, पाऊस तोंडावर आलाय आणि तुमचा ट्रेलर उघडाच? एक ताडपत्री टाकायला काय जातं?" त्याला चिकटून दुसरा प्रश्न. चार महिने बंदच ठेवायचा, आणि बंद करायला एवढी झटापट, तर विकून का टाकत नाही? दोन्हींची उत्तरं मी आजवर अर्धवट दिली. पूर्ण उत्तरात बाबा येतात, आणि बाबांचा विषय निघाला की लोक एकतर गप्प होतात नाहीतर मला समजवायला लागतात. आज सगळं एकदाच लिहिते.

ट्रेलर आमच्याकडे कसा आला, तो घेऊन आम्ही कुठे कुठे गेलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. 2021 मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं आणि त्यानंतर बऱ्याच जणांचं आमच्या गाडीकडे लक्ष गेलं. मी सांगतेय ते त्याच्या आधीचं, 2019 चं.

पण आधी ताडपत्रीबद्दल. मी आळशी नाही आणि बेफिकीरही नाही. तुम्ही मला जे व्हिडिओ पाठवता ते मी बघते. ते बहुतेक थंड देशांतले असतात. तिकडे ट्रेलर हिवाळ्यासाठी बंद करतात आणि त्यांना धास्ती असते ती बर्फाची. पाणी गोठताना सुमारे 9 टक्के फुगतं आणि पाइप, नळ, गिझरची टाकी, जे मिळेल ते फोडतं. म्हणून ते सगळं पाणी काढतात आणि कुठे राहिलंच असेल तर धोका नको म्हणून प्रॉपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी द्रावण पाइपांतून फिरवतात. त्यांचं बरोबरच आहे. आपल्याकडे निफाडला पारा चार-पाच अंशांवर येतो, द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तरी पाइप फुटावेत इतकी थंडी टिकत नाही. मात्र खरा फरक तो नाहीच. लाकूड कुजवणारी बुरशी थंडीत जवळपास थांबते. तिला वीस ते तीस अंशांची ऊब लागते आणि लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओल लागते. त्यांचा ट्रेलर ज्या महिन्यांत बंद असतो त्या महिन्यांत ती निपचित पडलेली असते. आपला बंद असतो जून ते सप्टेंबर, म्हणजे तिचा ऐन हंगाम. त्यांची झाकायची रीत जशीच्या तशी इथे आणली की आपण ओल बाहेर ठेवत नाही, आत कोंडतो. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये.

2019 ला मी पुण्यात नोकरीला होते. ट्रेलर नाशिकजवळ गिरणारेच्या बाजूला एका मोकळ्या प्लॉटवर भाड्यानं उभा असायचा. बाबा नाशिक रोडच्या सिक्युरिटी प्रेसमधून निवृत्त झालेले. कागदाला ओल लागू द्यायची नाही, हे त्यांच्या हाडात मुरलेलं. जून लागायच्या आत ते एकटे गिरणारेला गेले, चांगली जाड ताडपत्री घातली आणि मला फोन केला, "झाकून घेतलाय. आता तू काळजी करू नकोस."

मी म्हटलं, "बाबा, चारी बाजूंनी आवळू नका. खालून वारा राहू द्या."

ते म्हणाले, "वारा राहू दिला तर ताडपत्री उडून जाईल."

तेही खोटं नव्हतं. मी पुढे बोलले नाही.

ऑगस्टमध्ये गोदावरीला मोठा पूर आला. नदीकाठचा, पुराची खूण मानला जाणारा उंच दुतोंड्या मारुती पाण्याखाली गेला. शहरात ही अवस्था, तर पश्चिमेला गिरणारेकडे पाऊस नेहमीच जास्त. बाबांना घरात चैन पडेना. उघडीप मिळाल्याबरोबर ते पुन्हा गेले, पहिल्या ताडपत्रीवर दुसरी घातली आणि नायलॉनच्या दोरीचे वेढे खालून घेऊन ट्रेलर पक्का बांधून आले. तेव्हा ते सत्तरीच्या पुढे होते. चिखलात गुडघ्यावर बसून त्यांनी त्या दोऱ्या खालून ओवल्या असतील, हे माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दसऱ्याला मी नाशिकला आले. आमच्याकडे दसऱ्याला स्कूटरपासून ट्रेलरपर्यंत सगळ्यांना हार असतो. आतेभाऊही सोबत होता. गाठी इतक्या आवळल्या होत्या की विळ्यानं कापाव्या लागल्या. ताडपत्री ओढली तर तिच्या आतल्या अंगानं पाणी ओघळलं. बाहेर ऊन होतं. दार उघडलं आणि कुबट वास आला, घशात बसेल असा.

बाबा म्हणाले, "थांब, आधी मी जातो. विंचू-बिंचू असेल."

त्यांच्या हातात झेंडूचा हार होता. डावा पाय पायरीवर, उजवा आत टाकला. जमिनीवरचं व्हिनाइल अगदी नीट दिसत होतं, लाकडी रंगाचं, एक सुरकुती नाही. त्याच्याखाली धरून ठेवणारं काही उरलेलं नव्हतं. पाय घोट्याच्या वरपर्यंत खाली गेला आणि तो तसाच अडकलेला असताना बाबा कुशीवर पडले. जो आवाज आला तो फळीचा की हाडाचा, मला आजही सांगता येत नाही. मी ते व्हिनाइल हातानं फाडायला गेले. ते ताणलं जात होतं, फाटत नव्हतं. शेवटी आतेभावानं त्याच विळ्यानं कापलं. खालच्या प्लायचे थर बोटाला सुटून येत होते, मधले थर काळे पडलेले. बाबा ओरडले नाहीत. ते मला सांगत होते, "हार उचल, पायाखाली येईल."

घोट्यात धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागले. ते चालतात, काठीनं. जिना उतरताना एका हाताला कुणीतरी लागतं.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे मत होतं. मध्ये एकदा जाऊन बघायला हवं होतं. वडिलांच्या भरवशावर कशाला टाकायचं? मी सांगितलं होतं, हो. एकदाच सांगितलं, हेही खरं. पण मायेनं केलेल्या कामात बापाला किती वेळा खोट दाखवायची? ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी मला जरूर शिकवावं.

आणि ताडपत्रीनंच हे झालं का? सुतारानं अख्खी जमीन उचलली तेव्हा पाण्याची वाट सापडली. पुढच्या बाजूला वर, टपाच्या कडेला एक छोटा दिवा आहे. त्याच्या स्क्रूभोवतीचा सीलंट, म्हणजे फट बुजवायचा चिकट लेप, उन्हानं तडकून केसाएवढी फट पडली होती. तिथून पाणी भिंतीच्या आतून उतरत गेलं आणि ट्रेलर दाराकडे किंचित कललेला असल्यामुळे दाराच्याच कोपऱ्यात साचलं. ज्यानं आम्हाला ट्रेलर बांधून दिला त्यानं पाण्याला टिकणारा मरीन प्लाय सांगितला होता, निघाला साधा कमर्शियल. सुतार म्हणाला, "ताई, हे एका पावसाळ्याचं काम नाही." म्हणजे पाणी आधीच्या वर्षांपासून मुरत होतं. आधीच्या वर्षी ताडपत्री नव्हती, वारं लागत होतं, लाकूड बहुधा भिजत होतं आणि वाळत होतं. 2019 ला भिजलं आणि वाळलंच नाही. असं मी म्हणते. बाबा म्हणतात, ताडपत्री नसती तर त्या वर्षी दुप्पट पाणी आत गेलं असतं आणि फळी ऑगस्टमध्येच खचली असती. त्यांचं म्हणणं खोडायला माझ्याकडे काही नाही.

त्यानंतर ट्रेलर सिन्नरला हलवला. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, नाशिक शहरात त्याच्या साधारण पाव हिस्सा, आणि सिन्नर तर पर्जन्यछायेत. निम्मं उत्तर जागा बदलण्यातच होतं. उरलेलं आतेभावानं एका वाक्यात सांगितलं, "कांदा असता तर असा गुंडाळला असतास का?" उन्हाळ कांदा चाळीत पाच-सहा महिने टिकतो तो खालून वारा खेळतो म्हणून. चाळ जमिनीपासून दीड-दोन फूट वर, बाजूंना फटी. पाऊस चुकवायचा, वारा नाही.

आता तुम्ही ज्याला झटापट म्हणता ती सांगते. जास्तीत जास्त वेळ जातो टपावर. शिडी लावून प्रत्येक सांधा, प्रत्येक स्क्रू, प्रत्येक दिव्याची कड बोटानं दाबत जायची. तडा दिसला की जुना सीलंट खरवडून पूर्ण काढायचा, जागा पुसून कोरडी करायची आणि मगच नवा भरायचा. वरच्या वर थापला तर तो पुढच्या उन्हाळ्यात सुटतो. सिलिकॉन वापरू नका. त्याच्यावर नंतर दुसरं काही धरत नाही. मग आत येऊन भिंतींचे कोपरे आणि दाराजवळची जमीन अंगठ्यानं दाबून बघते, आणि ओल मोजायचं पिनांचं यंत्र टोचते. आकडा वीसच्या जवळ दिसला की काम थांबवून पाण्याची वाट शोधायची, मग बाकीचं. यंत्र काहीही दाखवो, दाराच्या कोपऱ्यात मी आधी काठीनं ठोकते आणि मगच पाय ठेवते.

काळ्या मातीत चाकं रुततात म्हणून खाली मुरूम आणि त्यावर फळ्या. चाकांना पुढून-मागून दगड, चासीखाली टेकू म्हणून लोखंडी घोड्या, आणि हँडब्रेक सोडलेला, नाहीतर चार महिन्यांत ब्रेक ड्रमला धरून बसतात. तोंडाकडची बाजू थोडी उंच, म्हणजे टपावर पाणी थांबत नाही. पाण्याच्या टाक्या, गिझर, पाइप पूर्ण रिकामे आणि नळ उघडे. इथे कारण बर्फ नाही, डास. डेंग्यूचा एडिस साचलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठवड्या-दहा दिवसांत त्याचे डास होतात. सिंकखालच्या वाकड्या पाइपात मात्र थोडं पाणी ठेवून वरून चमचाभर खाद्यतेल सोडते. तेलामुळे पाणी उडून जात नाही आणि खालून वास किंवा किडे येत नाहीत. फ्रिजचं दार अर्धवट उघडं, गाद्या उभ्या, कपाटं उघडी, अन्नाचा कण नाही. वायरी जिथून आत येतात त्या फटींत भांडी घासायचा स्टीलचा काथ्या, कारण शेतातल्या उंदरांना वायर फार आवडते. सिलिंडर आणि बॅटरी काढून घ्यायची. बॅटरी घरी नेऊन 12.6 व्होल्टच्या खाली न जाऊ देणं हे काम आता बाबांचं आहे. ते तारीख घालून वहीत लिहितात.

टपावरच्या झरोक्यावर पावसाची टोपी बसवली आहे, तो चारही महिने बोटभर उघडा असतो. आणि उघडीप मिळाली की आतेभाऊ दारं-खिडक्या उघडून ट्रेलरला ऊन दाखवतो. ताडपत्री असती तर तिच्या गाठी सोडून कुणी एवढं केलं असतं का? त्यानं तरी केलं नसतं. माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठं कारण हेच. झाकलेली वस्तू कुणी बघत नाही.

आता विकण्याचं. 2019 च्या त्या दिवाळीत मीच तो भंगारात घालायला निघाले होते. तेव्हाची मी आजच्या मला म्हणते, ज्या वस्तूनं बाबांचा पाय घेतला तिला तू दरवर्षी माया लावतेस, तिच्यावर सुट्ट्या घालवतेस. मी तिला सांगते, बाबांनीच विकू दिला नाही. काठी टेकत तेच सुताराच्या मागे उभे राहिले आणि नवी जमीन मरीन प्लायची टाकून घेतली. ती म्हणते, त्यांनी विकू दिला नाही कारण विकला असता तर चूक त्यांची होती असं ठरलं असतं. इथे मी अडते. तसं असेलही. बाबांना हे विचारायचं धाडस मला झालेलं नाही, आणि विचारावं की नाही हेही कळत नाही.

त्यांनी ताडपत्रीचा हट्ट सोडला आहे, पण मला ते पूर्ण मानत नाहीत. "तुझ्या चाळीला छप्पर असतं की नाही?" हे ते दर मेमध्ये म्हणतात. बरोबर बोलतात. चारी बाजूंनी मोकळं आणि वर पत्रे, असं शेड सगळ्यात उत्तम. उन्हानं सीलंट तडकणंही त्यानं कमी होईल, आणि ते मला ताडपत्री न टाकता अजून जमलेलं नाही. पण जमीन आत्याच्या मुलांची, वाटणी अजून व्हायची आहे, आणि अशा जमिनीत आपण खांब रोवायचे नसतात. त्यामुळे यंदाही ट्रेलर उघड्यावरच आहे. टपाचं काम मृगाच्या आत उरकायचं आहे. ज्यांना अजून शंका असेल त्यांनी एखाद्या रविवारी सकाळी लवकर सिन्नरला यावं. दहानंतर टप इतका तापतो की हात ठेववत नाही, आणि शिडी धरायला माणूस लागतोच.